बाह्या जरा लांब

मी घाबरट बाई नाही, हे आधीच सांगते. माझा नवरा सत्तावीस वर्षं मासेमारीच्या बोटीवर होता. समुद्र खवळला की आमच्या पोर्टलोगी गावातल्या बाकीच्या बायका धक्क्यावर जाऊन उभ्या राहायच्या, तेव्हा मी घरात भांडी घासत बसायचे. व्हायचं ते होईल, भांडी तरी स्वच्छ होतील. असा माझा स्वभाव. पण गेल्या ऑक्टोबरातल्या त्या बुधवारी आणि गुरुवारी माझी जी गाळण उडाली, तशी एकाहत्तर वर्षांत कधी उडाली नव्हती. आणि यात दोष दुसऱ्या कुणाचाही नव्हता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते मी केलं होतं.

आमच्या संस्थेचं नाव 'क्रील'. पूर्वी कोळणी पाठीवर मासळीची टोपली घेऊन गावोगाव हिंडायच्या, ती क्रील. जुन्या चर्चच्या हॉलमध्ये आम्ही सातआठ रिटायर मंडळी आठवड्यातून तीन दिवस जमतो. अंगावरच्या कपड्यांनिशी घर सोडून आलेल्या बायकामुलांना सरकारी फ्लॅट मिळतो, पण फ्लॅटमध्ये साधा चमचाही नसतो. त्यांना आम्ही चादरी, पातेली, पडदे, मुलांचे कपडे पोचवतो. लोक वस्तू आणून देतात, आम्ही त्या धुतो, इस्त्री करतो, खोक्यात भरतो.

आमची प्रमुख रोना फाइंडले. चाळीस वर्षं हेडमास्तरीण होती आणि अजून ती खुर्ची तिच्या अंगातून उतरलेली नाही. तिचे दोन नियम. एक, कुटुंबाला नाव नाही, फक्त नंबर. दोन, कुणाच्याही दारात एकट्याने जायचं नाही, जोडीनेच जायचं. माझा जोडीदार डॉडी, व्हॅन चालवतो, शहात्तर वर्षांचा आहे आणि मला अजून 'पोरी' म्हणतो.

आणि माझं स्वतःचं एक काम होतं. वस्तू देणाऱ्याला आभाराचं कार्ड लिहायचं. अकरा वर्षं मीच लिहीत होते, हाताने. आई म्हणायची, आभार न मानता घेतलेली वस्तू घरात टिकत नाही. नुसतं 'आभारी आहोत' लिहून मला समाधान व्हायचं नाही. तुमच्या पातेल्यात आता एका घरात दर रविवारी सूप उकळतं, तुमच्या पाळण्यात जुळी झोपतात, अशा दोन ओळी जास्तीच्या मी लिहायचे. लोकांना किती आवडायचं म्हणून सांगू! बाजारात थांबवून सांगायचे, "इना, तुझं कार्ड आम्ही शेगडीवरच्या फळीवर मांडून ठेवलंय बघ." मीही जरा फुगायचे. खोटं कशाला बोलू.

रोनाने दोनदा बजावलं होतं. "इना, फक्त आभार. बाकीचं पुराण नको."

"बरं," मी दोन्ही वेळा म्हटलं, आणि दोन्ही वेळा पुराण लिहिलं. जित्याची खोड.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला एक बाई हॉलवर आली. करड्या कोटातली, साठीच्या पुढची, हडकुळी. चाळीस मैलांवरच्या क्रेगहेवनहून बसने आली होती. पिशवीतून तिने लहान मुलाची गान्सी काढली. गान्सी म्हणजे आमच्याकडच्या कोळ्यांचा गळाबंद, अंगाबरोबर बसणारा निळा लोकरी अंगरखा. प्रत्येक घराची वीण वेगळी. बुडालेला माणूस किनाऱ्याला लागला की चेहऱ्यावरून नाही, गान्सीवरून ओळखायचे, असं म्हणतात. म्हणून खालच्या काठाच्या वर घालणाऱ्याची आद्याक्षरंही विणतात. या छोट्या गान्सीवर होतं 'एफ. एल.'

"वा! हात काय आहे तुमचा," मी म्हटलं, कारण विणकाम खरंच नजर लागेल असं होतं. "कुणासाठी विणली होतीत?"

"आता ती लागत नाही," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "तुम्ही कळवता ना? वस्तू कुठे गेली ते? असं ऐकलंय मी."

"अहो, कळवते म्हणजे? मीच ती!" मी छाती काढून म्हटलं. तिचं नाव आणि पत्ता वहीत लिहून घेतला. मिसेस विल्मा लॉरी, सात, सीफील्ड टेरेस. ती गेल्यावर मी डॉडीला म्हटलंसुद्धा, "बघ, माझी कीर्ती क्रेगहेवनपर्यंत गेली."

डॉडी म्हणाला, "पोरी, कीर्तीचं एक असतं. ती गेली की परत बोलावता येत नाही."

मी त्याला बटरीचा, म्हणजे आमच्याकडच्या खारट पावाचा, तुकडा फेकून मारला.

पुढच्या सोमवारी आम्ही एकेचाळीस नंबरच्या कुटुंबाला सामान पोचवलं. तरुण आई, पाच वर्षांची लाल केसांची मुलगी, तीन वर्षांचा मुलगा. बंदरावरच्या जुन्या बर्फ-कारखान्याच्या माथ्यावर एकच फ्लॅट आहे, तो त्यांना मिळाला होता. आईचं नाव केरी-अ‍ॅन. नंबर लिहायचा तो कागदावर. पोरं एकमेकांना हाका मारतात त्या थोड्याच कुणी बंद करू शकतं? मुलाचं नाव फिन होतं, हे मला आदल्या आठवड्यात चादरी पोचवायला गेलो होतो तेव्हाच कळलं होतं. म्हणून खोकं भरताना माझ्या हाताला एफ लिहिलेली गान्सी लागली, तेव्हा मला वाटलं, देवच पावला! एफचा फिन! दुसऱ्या कुणाला द्यायचा विचारही माझ्या मनात आला नाही. फिन खिडकीत उभा राहून बोटी मोजत होता. सातच्या पुढे त्याला येत नव्हतं, म्हणून आठवी बोट आली की परत एकपासून सुरुवात. मला इतकं हसू आलं!

मंगळवारी मी मिसेस लॉरींना कार्ड लिहिलं. वरच्या बाजूला छापलेलंच असतं, 'क्रील, पोर्टलोगी'. खाली मी लिहिलं, तुमची सुंदर गान्सी तीन वर्षांच्या एका गोड मुलाला मिळाली आहे, तो बर्फ-कारखान्याच्या माथ्यावर राहतो, खिडकीतून सातपर्यंत बोटी मोजतो, त्याला लाल केसांची बहीण आहे, आणि योगायोग बघा, त्याचंही नाव एफनेच सुरू होतं.

तिकीट लावलं, पेटीत टाकलं आणि मासे आणायला गेले.

बुधवारी दुपारी आम्ही पडदे घेऊन गेलो. डॉडी खाली व्हॅन लावत होता, मी जिना चढून वर गेले. केरी-अ‍ॅनने दार उघडलं ते साखळीएवढंच. फटीतून तिचा चेहरा दिसला आणि माझ्या हातातले पडदेच खाली पडले. रक्ताचा थेंब नव्हता त्या चेहऱ्यावर.

"ही कुठून आली?" तिच्या हातात गान्सी होती. दोन बोटांत, कोपऱ्याला धरलेली.

"दिली कुणीतरी. का गं? आवडली नाही?"

"कुणी दिली?"

तसं सांगायचं नसतं. पण तिनेच सांगितलं. "विल्माचं विणकाम आहे हे. माझ्या सासूचं. ही वीण तिच्याशिवाय कुणी घालत नाही. आणि हे एफ. एल. म्हणजे फिन लॉरी. इना, ही फिनसाठीच विणलेली आहे."

ती दारातच खाली बसली. मग साखळीच्या त्या फटीतून ती जे बोलली ते मी शब्दाला शब्द सांगणार नाही, ते तिचं आहे. एवढंच सांगते, मार्चमध्ये तिच्या नवऱ्याने, ग्रेगने, तिचा हात मोडला होता. कोर्टाने त्याला जवळ यायला बंदी केली तेव्हा कोर्टाच्या पायरीवर तो हसत म्हणाला होता, शोधून काढीन, आणि या वेळी हातावर भागणार नाही. आणि तो आता आईकडेच राहत होता. सात, सीफील्ड टेरेस.

"त्यांना माहीत नाही ना, ही मला मिळाली ते?" तिने विचारलं. "कुणाला कळत नाही ना, तुमच्याकडून वस्तू कुठे जाते ते?"

आणि मी काय म्हटलं, माहीत आहे? मी म्हटलं, "नाही गं बाई. कसं कळेल?"

आजही ते वाक्य आठवलं की मला माझीच लाज वाटते. पण तेव्हा तोंडातून तेच आलं. तिने गान्सी फटीतून माझ्या हातात कोंबली. "घेऊन जा. माझ्या घरात नको ही. माझ्या मुलाच्या अंगाला लावणार नाही मी." मी ती माझ्या कापडी पिशवीत टाकली. डॉडी वर आला तेव्हा मी पडदे गोळा करत होते. त्याने विचारलं, "काय झालं, पोरी?" मी म्हटलं, "काही नाही, गुडघा दुखतोय."

त्या दिवशी उरलेला वेळ मी काय केलं? भांडी घासली. घासलेलीच परत घासली. रोनाला फोन करायला पाच वेळा हात पुढे गेला आणि पाचही वेळा मागे आला. मनात एकच हिशेब, मंगळवारी दुपारी टाकलेलं, दुसऱ्या दर्जाचं स्वस्त तिकीट, म्हणजे गुरुवारी नाहीतर शुक्रवारी पोचेल. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या चिक्कूपणाचा मला आधार वाटला. पोस्टमनच्या आधी मी तिथे पोचले तर? कार्ड हातात घेऊन गुपचूप परत आले तर? कुणाला काही कळायलाच नको. रोनाला नको, केरी-अ‍ॅनला नको. बघा, त्या मुलीच्या जिवावर बेतलं होतं आणि मी माझी अब्रू वाचवायचा मार्ग शोधत होते.

गुरुवारी सकाळी साडेआठची बस धरली. बस सुटली, मासळीबाजार गेला, शाळा गेली. शाळेच्या फाटकात एक लाल केसांची मुलगी दिसली, तीच होती की दुसरी, कोण जाणे. आणि एकदम मनात आलं, मी पोचलेच नाही तर? पोस्टमन आज लवकर आला तर? बर्फ-कारखान्याचा तो जिना, ती साखळी, तो एवढासा पोरगा आठव्या बोटीला परत एक म्हणणारा. मी फोन काढला आणि रोनाला सगळं सांगितलं. एका दमात, रडत, बसमधली माणसं वळून बघत असताना.

ती म्हणाली, "फ्लॅटचा उल्लेख केलास?"

"बर्फ-कारखाना लिहिलंय."

"इना!" एवढंच. पण वर्गातल्या मुलांना का घाम फुटायचा ते मला कळलं. मग ती भराभर बोलायला लागली. "ऐक. पोलिसांना मी सांगते. दुसऱ्या ठिकाणी जागा बघते. पण मुलगी शाळेत, सामान, गाडी, मला तीन वाजेपर्यंत वेळ लागेल. तिथून इथे गाडीने तासभर. आणि तू आत्ता पुढच्या थांब्यावर उतर. त्या घराच्या जवळपासही जायचं नाही. कळलं?"

"बरं," मी म्हटलं.

आणि उतरले नाही. तिसरं 'बरं' होतं ते.

सीफील्ड टेरेस म्हणजे एका ओळीत बारा घरं, समोर रस्ता, पलीकडे दगडी बांध आणि समुद्र. सात नंबरच्या दारात पांढरी व्हॅन उभी होती. ती बघूनच माझा अर्धा धीर गेला. मी बांधाला टेकून उभी राहिले. पावणेदहाला पोस्टमन आला, अर्ध्या चड्डीत, एवढ्या थंडीत. मी त्याला गाठलं.

"अहो, सात नंबरचं पत्र आहे का? माझंच आहे, चुकून टाकलं, द्याल का परत?"

तो हसला. "मावशी, पेटीत पडलं की ते राणीच्या बापालाही परत मिळत नाही." त्याचं बरोबरच होतं. तो फाटकातून आत गेला, आणि मी बघत राहिले. दाराच्या फटीतून तीनचार पाकिटं आत सरकली. सगळ्यात वर माझं होतं, फिकट पिवळं. अकरा वर्षं मी पिवळीच पाकिटं वापरते, उठून दिसावीत म्हणून.

दाराच्या काचेतून एक मोठी सावली वाकलेली दिसली. तिने पाकिटं उचलली.

तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. पळावं असं वाटलं. खरंच सांगते, बसथांबा कुठे आहे ते मी वळून पाहिलंसुद्धा. मग घड्याळ पाहिलं. दहाला दहा कमी. तीन वाजायला पाच तास. रस्ता ओलांडून मी दार वाजवलं.

त्याने उघडलं. मला वाटलं होतं कुणीतरी राक्षस असेल. चांगला हसतमुख, तिशीचा, दाढी केलेला. एका हातात पाकिटं. "बोला, काय हवं?"

"मिसेस लॉरी आहेत का? मी… विणकाम मंडळाची."

"आई! तुझ्याकडे पाहुणी! तुला कधीपासून मैत्रिणी मिळाल्या गं?" तो हसत आत ओरडला आणि मला म्हणाला, "या की, आत या. बाहेर वारा आहे."

स्वयंपाकघरात कोळशाची चूल पेटलेली होती. मिसेस लॉरी ओट्यापाशी बटाटे सोलत होत्या. त्यांनी मान वर केली, मला ओळखलं, आणि हातातला बटाटा पाण्यात पडला. एका शब्दात ती बाई मला उघडी पाडू शकली असती. 'अहो, तुम्ही क्रीलवाल्या ना!' एवढं म्हणाली असती तरी पुरे होतं. आणि मला कुठे ठाऊक होतं, ती कुणाच्या बाजूची? गान्सी मुलाच्या सांगण्यावरून आणली होती की स्वतःच्या? अख्खा रस्ता मी तोच विचार करत आले होते.

त्या म्हणाल्या, "बसा ना. चहा घ्याल?"

मी बसले. पिशवी मांडीवर घेतली, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिच्यात ती गान्सी आहे. काल टाकली ती तशीच. पिशवीला बंद नाही, आणि वरून निळी बाही चार बोटं बाहेर आलेली. मी तिच्यावर हात ठेवला. मग दुसराही.

"कुठून आलात?" ग्रेगने विचारलं. तो बसला नाही. माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. त्याची आईही बसली नाही. तो उभा असेपर्यंत ती बसत नसावी.

"इथूनच, वरच्या वाडीतून."

"कधी पाहिलं नाही."

"मी फारशी बाहेर पडत नाही."

"काय आहे पिशवीत? फार घट्ट धरलीय," तो हसून म्हणाला.

"लोकर," मी म्हटलं. "पोरा, म्हाताऱ्या बाईच्या पिशवीत दुसरं काय असणार? लोकर आणि गोळ्या."

तो मोठ्याने हसला. मग टेबलाच्या पलीकडे जाऊन पाकिटं उघडायला लागला. आईची पाकिटं. विजेचं बिल फोडलं, पाहिलं, ठेवलं. बियाण्यांचं पुस्तक बाजूला टाकलं. त्याची आई त्याच्या हातांकडे बघत होती. त्या घरात पत्रं तोच फोडतो, हे मला विचारावं लागलं नाही. मग त्याच्या हातात पिवळं पाकीट आलं.

"हे कोण बाई तुला लिहितं? काय वळणदार अक्षर आहे."

त्याचा अंगठा पाकिटाच्या कडेखाली गेला. मला अजून तो अंगठा दिसतो. स्वच्छ, नखं कापलेला.

"अरे, ते माझंच!" माझा आवाज इतका मोठा आला की मीच दचकले. "मीच टाकलं होतं परवा. म्हटलं पोस्टाचा काय भरवसा, म्हणून स्वतःच आले. आता काही कामाचं नाही ते, दे इकडे."

मी हात पुढे केला. त्याने पाकीट वर धरलं, लहान मुलाला खाऊ दाखवतात तसं. "वरच्या वाडीतून इथे पत्र टाकलंत? दहा मिनिटांची वाट?"

"गुडघा," मी म्हटलं.

"पण आज आलात चालत."

आयुष्यभर बडबड केली आणि त्या घडीला एक शब्द सापडेना. तो हसत होता, पण डोळे हसत नव्हते.

"ग्रेग, ते मला दे," त्याची आई म्हणाली.

तो वळला. तिने असं कधी म्हटलं नसावं, कारण तो रागावण्याआधी चकितच झाला.

"बायकांचं आहे ते," ती म्हणाली. हात ओलेच होते, टॉवेलला पुसतही नव्हती. "माझं खालचं दुखणं. डॉक्टरांकडे जायच्या आधी यांना विचारलं होतं, यांचं ऑपरेशन झालंय म्हणून. तुला वाचायचं असेल तर वाच मोठ्याने. पिशवी काढली की काय काय होतं ते सगळं असेल त्यात."

"शी! आई!" तो म्हणाला आणि पाकीट टेबलावर असं टाकलं जणू ते ओलं होतं. "घे बाई तुझं. जेवायच्या आधी कसले विषय!"

तिने ते उचललं. मला वाटलं, आता खिशात घालेल. मुलगा गेल्यावर वाचेल. त्यासाठीच तर ती चाळीस मैल बसने आली होती, त्यासाठीच तर एफ विणला होता. पाकीट हातात घेऊन ती क्षणभर उभी राहिली. त्याच्यावरचं माझं अक्षर तिने पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असणार. तिने चुलीचं झाकण उघडलं आणि पाकीट न फोडता आत टाकलं.

पिवळं होतं, लगेच पेटलं. ती सळईने ढोसत राहिली, पुरती राख होईपर्यंत.

ग्रेग दुसऱ्या खोलीत गेला, टीव्ही लावला. मी चहा संपवला, कारण न संपवता उठले असते तर बरं दिसलं नसतं. मग उठले. मिसेस लॉरी मला पोचवायला दारापर्यंत आल्या. दार त्यांनी मागे ओढून घेतलं, एक बोट फट ठेवून, आणि कुजबुजल्या.

"त्याला नव्हतं सांगितलं मी. त्याला काही माहीत नाही. घर सोडलेल्या बायका तुमच्याकडे येतात असं ऐकलं, म्हणून आले होते. मला फक्त जिवंत आहेत एवढं कळायला हवं होतं."

"आहेत," मी म्हटलं.

"कुठे ते मला सांगू नका. मला कळलं तर तो माझ्याकडून काढून घेईल. आज ना उद्या काढून घेईल." त्यांनी मागे पाहिलं. आत टीव्हीवर लोक हसत होते. "एवढंच सांगा. अंगाला बसते का त्याला?"

पिशवी माझ्या पोटाशी होती. बाही मी आत खुपसली होती, पण लोकर हाताला लागत होती. तिला सांगायला हवं होतं का, की ती त्याच्या अंगाला कधी लागलीच नाही, लागणारही नाही?

"अगदी छान बसते," मी म्हटलं. "बाह्या जरा लांब आहेत. पण पोरं काय, वाढतात."

"मुद्दाम लांब ठेवल्या होत्या," त्या म्हणाल्या. "दोन हिवाळे पुरायला." आणि आत गेल्या.

मी बसथांब्यावर आले. तिथल्या बाकावर बसून मी इतकी रडले की एका अनोळखी मुलीने मला तिचा रुमाल दिला. बसमागून बस सोडत मी तिथेच बसून होते, तेव्हा पावणेतीनला रोनाचा फोन आला. "तिघं निघाले," ती म्हणाली. "कुठे, ते विचारू नकोस. तुला कळणार नाही, मलाही अर्धंच माहीत आहे. तू कुठे आहेस? उतरलीस ना?"

"नाही उतरले," मी म्हटलं आणि तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "घरी ये, इना. चहा टाकते."

आता आभाराची कार्डं छापलेली असतात. त्यावर एकच ओळ असते आणि मी त्यांना हातही लावत नाही. मी फक्त इस्त्री करते. गान्सी माझ्या कपाटात आहे. रोना म्हणते, ती दुसऱ्या कुणा पोराला द्यावी, चांगली लोकर आहे, वाया कशाला घालवायची. तिचं खरं आहे. ती अक्षरं काढायची म्हणून मी दोनदा उसवायला घेतली, खालच्या काठापासून, एफपाशी पोचले आणि दोन्ही वेळा परत विणून ठेवली.